दिवे घाटातलं ऊन आणि पेशींचे कान : ल्यूपसचं एक प्रकरण

रुग्ण : मुलगी, वय २७, अविवाहित, वजन ५२ किलो. राहणार धायरी, नोकरी भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या अकाउंट्स विभागात. आधीचा मोठा आजार नाही. आईला थायरॉइडची गोळी चालू. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही मुलगी शाळेच्या गणवेशात माझ्याकडे खोकल्याचं औषध न्यायला यायची, तेव्हापासून मी तिला ओळखते. अजूनही ‘डॉक्टरकाकू’च म्हणते. त्यामुळे हे प्रकरण लिहिताना मला तटस्थ राहता येईल असं वाटत नाही, आणि राहायचंही नाही. तिला झाला तो ल्यूपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. यात एक चूक माझी आहे. गंमत अशी की जी चूक मी केली, हुबेहूब तीच चूक तिच्या रक्तातल्या पेशी करत होत्या. हे लक्षात यायला मला बरंच वाचावं लागलं.

जुलै २०२४ च्या सुरुवातीला ज्ञानोबांची पालखी पुण्यातून सासवडला निघाली, त्या दिवशी ती आत्याबरोबर चालली. एकच दिवस रजा मिळाली होती, म्हणून हडपसरपासून दिवे घाट चढून सासवडपर्यंत. पाऊस नावाला, मधूनच चटका देणारं ऊन, डोक्यावर नुसती ओढणी. रात्री सासवडहून टेंपोने परत. पाय दुखले, गाल लाल झाले. वारीत कोणाचे होत नाहीत?

दहा-बारा दिवसांनी ताप आला.

चिकुनगुन्याच असणार

त्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याने धुमाकूळ घातला होता. सकाळच्या ओपीडीत निम्मी माणसं भिंतीला धरून चालत यायची. ती तापाच्या तिसऱ्या दिवशी आली. ताप १०२, दोन्ही हातांची बोटं सुजलेली, सकाळी मूठ वळत नाही, अंगात कणकण. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी ३१००, प्लेटलेट १ लाख ३० हजार. हे चित्र मी त्या आठवड्यात कितव्यांदा पाहत होते कोण जाणे. चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी, म्हणजे त्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधणारी, निगेटिव्ह आली. ‘लवकर केली ना, म्हणून,’ असं मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, पहिल्या चार-पाच दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. पण मग पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा करायला हवी होती. ज्या शहरातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत या चाचणीचे किट तयार होतात, त्या शहरात बसून मी ती दुसऱ्यांदा केली नाही.

ताप उतरला. सांधे राहिले. चिकुनगुन्यात सांधे महिनोन्महिने दुखतात, म्हणून मीही निवांत आणि तीही. मग तोंडात छाले आले, मी बी-कॉम्प्लेक्स दिलं. केस गळायला लागले. तापानंतर गळतातच. गालांवरचा लालपणा गेला नाही. शेजारच्या बाईंनी ‘वांग आहे’ म्हणून कसलं तरी क्रीम दिलं. मी गालांकडे पाहिलं होतं, पण नाकाच्या कडेची घडी त्या लालीने बरोबर सोडली आहे, हे तेव्हा दिसलं नाही. ल्यूपसचा फुलपाखरासारखा पुरळ ती घडी सोडतो. प्रत्येक तक्रारीला एक घरगुती उत्तर तयार होतं, आणि सगळ्या तक्रारींना मिळून एक उत्तर शोधावं असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याच मनात यायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये, गौरी जेवल्या त्या दिवशी, तिच्या पायातले पैंजण रुतले. आईने ओढून काढले तर खाली वळ. ‘मॅडम, हिच्या लघवीला फेस येतोय, साबणासारखा,’ असं आईने फोनवर सांगितलं, आणि मला दोन महिन्यांचा सगळा पट एका क्षणात उलटा दिसला. रक्तदाब १५०/९६. लघवीत प्रथिनं तीन प्लस, लाल पेशी. ईएसआर आणि सीआरपी ही दोन्ही शरीरातल्या दाहाची मापं. ईएसआर ८८ आणि सीआरपी जवळजवळ नॉर्मल. ही जोडी ल्यूपसमध्ये बरेचदा दिसते. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी, १:१२८०. डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर, सी-३ आणि सी-४ ही कॉम्प्लिमेंटची, म्हणजे अँटिबॉडीला साथ देणारी, प्रथिनं दोन्ही खाली. लघवीतून किती प्रथिन गळतं ते सांगणारं प्रथिन-क्रिअॅटिनिन गुणोत्तर २.८. क्रिअॅटिनिन १.१, म्हणजे किडनी अजून हातात होती.

संधिवाततज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ दोघांनी तिला दाखल करून घेतलं. बायॉप्सी लगेच व्हायला हवी होती, पण मध्ये अनंत चतुर्दशी आली. विसर्जनाच्या त्या दिवस-रात्रीत पुण्यात इकडचा माणूस तिकडे जाणं म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. १९ तारखेला बायॉप्सी झाली. चौथ्या वर्गाचा ल्यूपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्यूपसने किडनीत केलेला दाह. सूक्ष्मदर्शकाखाली आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंटमधली सी-३, सी-१क्यू असं सगळंच किडनीच्या गाळण्यांत चमकत होतं. याला ‘फुल हाउस’ म्हणतात. पत्त्यांतला शब्द आहे, पण इथे हात हरलेला असतो.

ल्यूपस ठरवण्याच्या २०१९ च्या निकषांनुसार मी नंतर घरी बसून गुण मोजले. एएनए पॉझिटिव्ह असेल तरच मोजणी सुरू होते, आणि १० गुणांना ल्यूपस म्हणता येतं. बायॉप्सीचे १०, डीएनएच्या अँटिबॉडीचे ६, कमी झालेल्या कॉम्प्लिमेंटचे ४, सांध्यांचे ६, गालांच्या पुरळाचे ६, पांढऱ्या पेशींचे ३, तापाचे २. एकूण ३७. यातले ताप, सांधे, पुरळ आणि पांढऱ्या पेशी मिळून १७ गुण जुलैतच माझ्या टेबलावर होते. एक एएनए केली असती तर पुरलं असतं.

एकाच घंटेचे दोन घाव

‘पण काकू, ताप तर तुम्ही म्हणालात तसाच होता ना, व्हायरलचा?’ वॉर्डात तिने विचारलं. तिने मला दोष दिला नव्हता, खरंच विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी रिसेप्टरपाशी पोचले.

पाठ्यपुस्तकात रिसेप्टरला ‘ग्राही’ म्हणतात. मला ‘कान’ हा शब्द बरा वाटतो. भिंतीलाही कान असतात असं आपण म्हणतो. पेशीच्या भिंतीला ते अक्षरशः असतात. प्रत्येक कान एका ठरावीक आकाराचा रेणू चिकटला की आत निरोप पाठवतो. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असे कान बाहेर असतात, आणि काही आत, पेशीने गिळलेला माल जिथे फोडला जातो त्या कोठारात. या आतल्या कानांमध्ये आपल्या कामाचा आहे तो टीएलआर-७, म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर. टोल म्हटलं की पुणेकराला खेड शिवापूरचा नाका आठवतो आणि तोंड कडू होतं. हा तो टोल नव्हे. फळमाशीतल्या एका जनुकाला जर्मन शास्त्रज्ञांनी ‘टोल’ म्हणजे ‘अफलातून’ असं नाव दिलं होतं. पुढे माशीला बुरशीपासून वाचवण्यातही तेच जनुक कामाला येतं हे उघड झालं, आणि मग माणसातही त्याचे भाऊबंद सापडले. या कामासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं.

टीएलआर-७ ऐकतो एकेरी आरएनए, म्हणजे डीएनएचा एकाच धाग्याचा भाऊ. चिकुनगुन्याचा विषाणू आरएनएचाच असतो. पेशीने विषाणू गिळला, कोठारात तो फुटला, आरएनए या कानावर पडला, की पेशी इंटरफेरॉन हा धोक्याचा निरोप सोडते. इंटरफेरॉनचे रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात. म्हणून मग ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी खाली. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी ज्यांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागली, त्यांना विचारा. कुठलाही नवा जंतू अंगात न शिरता त्यांना दर इंजेक्शननंतर हाच ‘व्हायरल’ व्हायचा.

अडचण अशी की आरएनए आपल्याही पेशींत असतो. टीएलआर-७ ला विषाणूचा आणि घरचा आरएनए पक्का वेगळा ओळखता येत नाही. निसर्गाने त्यावर एक साधी तोड काढली : कानच आतल्या खोलीत ठेवला. आपला आरएनए पेशी मेल्यावर बाहेर पडला तरी लगेच विरघळून जातो, त्या कोठारापर्यंत पोचत नाही. ओळख अशी नाहीच, नुसती जागेची शिस्त आहे. ल्यूपसमध्ये ही शिस्त मोडते.

तिच्या बाबतीत ती कशी मोडली असेल याची साखळी बांधता येते. दिवे घाटातल्या उन्हातल्या अतिनील किरणांनी गालांच्या त्वचेतल्या पेशी मारल्या. त्यांच्यातून आरएनए-डीएनएचे तुकडे सांडले. तिच्या रक्तात त्या तुकड्यांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी बहुधा आधीपासूनच होत्या. अमेरिकी सैन्यातल्या १३० ल्यूपस रुग्णांच्या साठवलेल्या रक्तावर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८८ टक्के लोकांत निदानाच्या आधीच, काहींमध्ये तर नऊ वर्षांपूर्वी, एखादी तरी अशी अँटिबॉडी सापडली होती. म्हणजे वारीने आजार दिला नाही. आत्या अजून स्वतःला बोल लावते, तिला मी हेच सांगते.

तुकडा आणि अँटिबॉडी यांचं गाठोडं तयार झालं, की काही पेशी त्या अँटिबॉडीची शेपटी पकडणाऱ्या रिसेप्टरने, म्हणजे एफसी रिसेप्टरने, ते गाठोडं ओढून आत घेतात. थेट त्या कोठारात, टीएलआर-७ च्या कानापाशी. एरवी जो आरएनए तिथे कधीच पोचला नसता, त्याला अँटिबॉडीने घरपोच आणून सोडलं. कानाने ऐकलं, ‘विषाणू!’ आणि इंटरफेरॉनची घंटा वाजली.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर हे. ताप व्हायरलसारखा होता, कारण ती घंटाच विषाणूसाठी बसवलेली आहे. मी बाहेरून ऐकून ‘चिकुनगुन्या’ म्हणाले, तिच्या पेशी आतून ऐकून तेच म्हणाल्या. दोघींनी घंटा ऐकली, दार उघडून कोण आहे हे पाहिलं नाही. पेशींकडे पाहायची सोय नव्हती. माझ्याकडे लघवी तपासायच्या पट्टीची बाटली होती.

मुलींनाच का?

हा प्रश्न वडिलांचा. ते एसटीत वाहक होते, निवृत्त आहेत, आणि हिशेब लागल्याशिवाय गप्प बसत नाहीत. ल्यूपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. याला ‘हार्मोन्स’ असं एका शब्दाचं उत्तर द्यायची आम्हा डॉक्टरांना सवय आहे, आणि ते अर्धवट आहे. टीएलआर-७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स असतात, त्यातला एक पेशीत झाकून ठेवलेला असतो. पण प्रतिकारशक्तीच्या काही पेशींत हे जनुक त्या झाकणाखालूनही डोकं वर काढतं, म्हणजे कान दुप्पट. ज्या पुरुषांना जन्मतः एक एक्स जास्त असतो, त्यांच्यात ल्यूपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे चौदा पट असतो. हा पुरावा मला हार्मोन्सच्या गप्पांपेक्षा जास्त पटतो. २०२२ मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाने स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर-७ मधला एकाच अक्षराचा बदल दाखवला. तेवढ्याने तो कान इतका तिखट झाला होता की तिला वयाच्या सातव्या वर्षी ल्यूपस झाला. तोच बदल उंदरांत घातला, तर उंदरांनाही झाला.

आमच्या मुलीत असा एकच बदल असेल असं नाही. बहुतेक रुग्णांत दहा ठिकाणचं थोडंथोडं जमून येतं. तिची जनुकीय तपासणी केलेली नाही, आणि उपचार त्याने बदललेही नसते.

एक आडकथा मात्र सांगायलाच हवी. बी पेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडी तयार होतात त्या पेशींवर, एक उलटा कान असतो, एफसी गॅमा आरआयआयबी नावाचा. अँटिबॉडी पुरेशी झाली की ‘आता बास’ असा निरोप तो आत देतो. या ब्रेकची एक ढिली आवृत्ती आशिया आणि आफ्रिकेत युरोपपेक्षा जास्त आढळते, आणि ती ल्यूपसचा धोका वाढवते. मग ती टिकली कशी? केनियातल्या मुलांच्या अभ्यासात, दोन्ही प्रती ढिल्या असलेल्यांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळत असल्याचं दिसलं. मलेरियाच्या मुलखात ब्रेक थोडा सैल असणं परवडत होतं. आणि ल्यूपसवरची आपली सगळ्यात जुनी, विश्वासाची गोळीही मलेरियाचीच आहे. या योगायोगात मी फार अर्थ शोधत नाही, पण विसरूही शकत नाही.

औषधं आणि भाऊबीज

सप्टेंबर २०२४ ला उपचार सुरू झाले. मिथाइलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड ५०० मिलिग्रॅम तीन दिवस शिरेतून, मग प्रेड्निसोलोनच्या गोळ्या हळूहळू कमी करत. प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफिनोलेट वाढवत दिवसाला २ ग्रॅम. रक्तदाब आणि प्रथिनगळतीसाठी गोळी. आणि तीच मलेरियाची गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे एक दिवस २००, एक दिवस ३००. ऑफिसला जाताना लांब बाह्या, छत्री, सनस्क्रीन. भोसरीच्या बसला दुपारच्या उन्हाची बाजू कुठली हे तिला आता पाठ आहे.

या यादीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ती नेमकी त्या आतल्या कोठारात साठते, तिथली आम्लता कमी करते आणि आरएनए-डीएनए टीएलआर-७ ला आणि डीएनए ऐकणाऱ्या त्याच्या भावाला, टीएलआर-९ ला, चिकटण्यात अडथळा आणते. थोडक्यात, कानात बोळा. स्टेरॉइड सगळं घर शांत करतं, ही गोळी फक्त त्या खोलीचं दार लोटते.

डिसेंबरात गुणोत्तर १.१ वर आलं. चेहरा स्टेरॉइडने गोल झाला होता, पण ती हसत होती. मला बरं वाटलं. जे मला कोणी सांगितलं नाही ते असं : भाऊबीजेला आलेल्या एका मामाने ‘ही मलेरियाची गोळी डोळे घालवते’ असं सांगितलं होतं, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून ती गोळी बंद होती. जागा भरून काढायला रोज सकाळी गुळवेलीचा काढा चालू झाला होता, ‘इम्युनिटी वाढवायला’.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाल पुन्हा लाल झाले. गुणोत्तर २.४, सी-३ घसरलेलं, डीएनएच्या अँटिबॉडी वर. चौकशीत सगळं बाहेर आलं. ‘पण मॅडम, दोन महिने काहीच झालं नव्हतं,’ आई म्हणाली. होणारच नव्हतं. हे औषध शरीरातून फार सावकाश उतरतं, अर्धं जायलाच महिना-सव्वा महिना लागतो. बोळा एकदम निघत नाही, झिजत जातो. पुन्हा उफाळायला फक्त हेच कारण झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. हा आजार औषधं चालू असतानाही उलटतो. पण ही गोळी बंद केल्यावर उलटण्याची शक्यता वाढते हे पक्कं आहे.

डोळ्यांची भीती खोटी नाही, फक्त तिचं माप चुकलं होतं. योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत पडद्याला इजा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी. वीस वर्षांनंतर मात्र ते बरंच वाढतं. म्हणून सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. हे मी सप्टेंबरातच मामांच्या आधी सांगायला हवं होतं. भीतीची जागा रिकामी ठेवली की ती कोणीतरी भरतोच.

काढ्याबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागलं, कारण तो आजीचा होता. ‘प्रतिकारशक्ती वाढवायची’ ही भाषाच या आजारात चुकते. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की कमी झालं तर भरा. कोणता कान काय ऐकतो आणि ऐकल्यावर किती ओरडतो, एवढाच तो प्रश्न आहे. जिथे कान आधीच तिखट झालेत तिथे त्यांना आणखी चेतवणारं काही देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला स्वयंप्रतिकारासारखी इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते, त्यावर वादही झाला. मी आजींना म्हणाले, ‘तुम्ही घ्या, हिला नको.’ आजींना ते पटलं नाही, पण काढा थांबला.

बी पेशींकडे मोर्चा

गोळी पुन्हा सुरू झाली, स्टेरॉइड तात्पुरतं वाढलं, आणि मार्चमध्ये संधिवाततज्ज्ञांनी रिटक्सिमॅब दिलं. एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एक ग्रॅम. वडिलांनी मला फोन करून विचारलं, ‘हे कॅन्सरचं इंजेक्शन का देतायत?’

आहेच ते मूळ कॅन्सरचं. बी पेशींच्या लिम्फोमासाठी १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बी पेशींवर सीडी-२० नावाची खूण असते, तिला हे औषध चिकटतं आणि ती पेशी मारली जाते. आता बी पेशी कशाला मारायच्या? इथे आणखी एक कान येतो, आणि माझ्या मते सगळ्यात अजब.

प्रत्येक बी पेशी आपला बाहेरचा रिसेप्टर जनुकांचे तुकडे फाशासारखे फेकून बनवते. हे कसं घडतं ते सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं, त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. फासे उलटसुलट पडतात, म्हणूनच आपण कधी न पाहिलेल्या विषाणूवरही कुठला ना कुठला कान बसतो. पण त्याच फाशांतून स्वतःच्या डीएनएला चिकटणारे कानही निघतात. २००३ मध्ये निरोगी माणसांच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या बी पेशी तपासल्या, तर निम्म्याहून जास्त पेशींचे कान स्वतःकडेच वळलेले निघाले. निरोगी माणसांच्या! पुढच्या टप्प्यांवर त्यातल्या बहुतेक गाळल्या जातात, काहींना फासे पुन्हा टाकायची संधी मिळते, काही गप्प बसवल्या जातात. स्वतःला ऐकणारा कान असणं हा आजार नाही. तो गाळणीतून सुटणं, आणि सुटल्यावर त्याला साथ मिळणं, हा आजार.

साथ देतो पुन्हा टीएलआर-७. डीएनए-आरएनए धरणारा बी पेशीचा रिसेप्टर पकडलेला तुकडा घेऊन आत कोठारात जातो, आणि तिथे आतला कान होकार भरतो. बाहेरचा म्हणतो ‘सापडलं’, आतला म्हणतो ‘विषाणूच आहे’. एकट्या बाहेरच्याच्या सांगण्यावर पेशी बहुधा गप्प बसली असती. टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी, त्यांचीही साक्ष लागते, ती त्यांच्या रिसेप्टरमधून येते. हे तीनही जमलं की ती बी पेशी वाढते, अँटिबॉडी ओतू लागते, गाठोडी किडनीत अडकतात, कॉम्प्लिमेंट पेटतं. रक्तात सी-३, सी-४ कमी दिसतं कारण ते तिथे खर्च होत असतं.

टी पेशींची शिस्त सांभाळणाऱ्या पेशीही आहेत. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी त्यांना ओळखलं तेही एका रिसेप्टरच्याच खुणेवरून, सीडी-२५, म्हणजे इंटरल्यूकिन-२ च्या रिसेप्टरचा एक भाग. त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड राम्सडेल यांच्यासोबत २०२५ चं नोबेल मिळालं. ऑक्टोबरात ती बातमी आली तेव्हा वडिलांनी कात्रण कापून मला आणून दिलं.

रिटक्सिमॅबबद्दल मी वडिलांना खरं तेच सांगितलं. ल्यूपस नेफ्रायटिसच्या मोठ्या चाचणीत ते निर्विवाद जिंकलं नव्हतं, पण पहिले उपचार अपुरे पडले तर बरेच तज्ज्ञ ते वापरतात, आणि भारतात त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच पण स्वस्त, आवृत्ती मिळत असल्याने खर्च आटोक्यात येतो. मर्यादा अशी की अँटिबॉडीचा कारखाना झालेल्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं. त्या सुटतात. शिवाय ऊतींच्या कोपऱ्यांत दडलेल्या काही बी पेशीही वाचतात.

काही दिवसांनी वडील मोबाईल घेऊनच आले. व्हिडिओ होता कार-टीचा. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये २०२१ मध्ये एका वीस वर्षांच्या ल्यूपसग्रस्त मुलीवर हा उपचार झाल्याचं प्रसिद्ध झालं, पुढच्या वर्षी आणखी चौघांसह. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांच्यावर प्रयोगशाळेत बनवलेला रिसेप्टर बसवतात, जो बी पेशींवरचं सीडी-१९ शोधतो. त्या पाचही जणांचा आजार तीन महिन्यांत शांत झाला, औषधं थांबली. नंतर बी पेशी परत आल्या त्या कोऱ्या, जुनं वैर न आठवणाऱ्या. मला या सगळ्यात भावतं ते हे : कान बिघडून झालेल्या आजारावर माणसाने स्वतः घडवलेला कान.

‘मुंबईत पण होतं म्हणे,’ वडील म्हणाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या भारतीय कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, हे खरं. पण ती रक्ताच्या कर्करोगांसाठी. आणि तुमच्या मुलीच्या किडनीला अजून साध्या रस्त्याने जायला वाव आहे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, व्हिडिओ मात्र जपून ठेवला असणार.

आता

सप्टेंबर २०२५ मध्ये गुणोत्तर ०.६ झालं, जानेवारी २०२६ मध्ये ०.३५. प्रेड्निसोलोन ५ मिलिग्रॅमवर. सी-३ सामान्य, सी-४ किंचित कमी. डीएनएच्या अँटिबॉडी अजून थोड्या आहेत, त्या बहुधा जुन्या प्लाझ्मा पेशींच्या. बी पेशी परत येऊ लागल्या आहेत. त्या कोणत्या कानांनी परततात हे कोणत्याही नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी लघवी, आणि गालांकडे नीट बघणं.

गेल्या महिन्यात आई आली ती दार लोटून. ‘मॅडम, स्थळ आलंय. सांगायचं का यांना?’

मी वैद्यकीय तेवढं सांगितलं. मायकोफिनोलेट चालू असताना गर्भ राहता कामा नये, त्याने बाळात व्यंग येऊ शकतं. आधी अझाथायोप्रिन या दुसऱ्या औषधावर जावं लागेल आणि आजार किमान सहा महिने शांत हवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायची. रो नावाची अँटिबॉडी तिच्यात निगेटिव्ह आहे, हे चांगलं. असती, तर वारेवरच्या एका रिसेप्टरने ती बाळाकडे पोचवली असती, आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले असते. तो रिसेप्टर एरवी आईची चांगली अँटिबॉडी बाळाला देण्याचं काम करतो. त्यालाही चांगली-वाईट कळत नाही.

‘ते झालं हो. पण सांगायचं का?’

मुलगी बाकावर बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ‘आई, मी त्यांना रिपोर्टच पाठवलेत,’ ती म्हणाली. ‘पहिल्याच दिवशी. सगळे. बायॉप्सीचा पण.’

आई माझ्याकडे बघत राहिली. मी फाईल ओढली आणि पुढची तारीख लिहिली : एप्रिल, लघवी, सीबीसी, सी-३, सी-४. अझाथायोप्रिनआधी टीपीएमटी, ते औषध सोसेल का पाहायला.